नारळ वाढवला

मला भीती वाटते हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको. बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, भल्याभल्या दांडगट पोरांना सरळ केलं, पण त्या डब्याची मला पहिल्या दिवसापासून धास्ती होती आणि आजही आहे.

डबा हा माझा शब्द. कंपनी त्याला निद्राकक्ष म्हणते.

यंदा अकोल्यात एप्रिलच्या दुसऱ्याच आठवड्यात पारा पन्नासला टेकला. आमच्या ह्यांना, म्हणजे मुकुंदरावांना, तीन वर्षांपूर्वी हृदयाचा झटका येऊन गेलेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हा उन्हाळा अकोल्यात काढायचा नाही. थंड जागी न्या, तब्येत थोडी सावरू द्या आणि मग नागपूरला नेऊन शस्त्रक्रिया उरका. आम्ही चिखलदऱ्याला अंगणासकट दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सामानाची मला काळजी नव्हती, कपाटाला काही ऊन लागत नाही. काळजी होती ती माझ्या मांजरीची, ठमीची, आणि ह्यांच्या एकतीस कुंड्यांची.

गेल्या दोन उन्हाळ्यांत ट्रकमधून नेलेली कुत्री-मांजरं वाटेतच गेल्याच्या इतक्या बातम्या आल्या की सरकारने नियमच केला. एप्रिल ते जून पाळीव प्राणी आणि घरातली झाडं हलवायची तर झोपवूनच हलवायची. त्यासाठी तो डबा.

भीतीचं खरं कारण मात्र वेगळं होतं, आणि ते ह्यांच्या शर्टाच्या खिशात होतं. त्याच डब्याला यंदा माणसांसाठी परवानगी मिळाली होती. प्रवासाचा ताण ज्यांना सोसणार नाही अशा रोग्यांना झोपवून न्यायचं, कारण झोपेत हृदयाला दहावा हिस्साच काम पडतं. ह्यांनी नागपूरच्या प्रवासासाठी तो फॉर्म गुपचूप आणून ठेवला होता. इस्त्रीसाठी खिसे रिकामे करताना मला सापडला. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी म्हटलं, आधी ठमीला जाऊ दे, ती धडधाकट उठली तर तुमचं बघू. हे फक्त बरं म्हणाले. हे नेहमी बरंच म्हणतात, हीच तर तक्रार आहे.

निघायच्या दिवशी सकाळी सहाला कंपनीची पोट्टी आली, शर्वरी ठोसर नावाची. सव्वीस-सत्तावीसची असेल, चुणचुणीत, पण बोलणं सगळं इंग्रजी शाळेतलं. तिने ठमीच्या डोक्यावर टोपीसारखी एक मऊ पट्टी बसवली आणि मी विचारायच्या आधीच समजावून सांगायला लागली. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढा भाग असतो, तो शरीराची शेगडी पेटती ठेवतो. कानाला ऐकू न येणारा बारीक आवाज कवटीबाहेरून नेमका तिथे सोडला की तो भाग गप्प होतो. मग शरीर उष्णता तयार करणं सोडून देतं. अंग गार पडतं, श्वास मंदावतो, मिनिटाला दीडशेच्या वर ठोके देणारं मांजराचं काळीज विसावर येतं. थंड मुलखातले काही प्राणी अख्खा हिवाळा असा काढतात. बाकीच्यांच्या शरीरातही ती वाट असते म्हणे, फक्त वापरात नसते.

‘‘आणि विसाच्या खाली गेलं तर?’’ मी विचारलं.

शर्वरी म्हणाली, लांबच्या प्रवासाला थोडं खाली नेतात, पण बाराखाली जाऊ द्यायचं नाही. बाराखाली काळीज परत वेग घेईलच याची खात्री नाही. मी तो आकडा मनात घोकून ठेवला.

झाडांचं निराळं होतं. ऑपरेशनच्या वेळी माणसाला देतात तशी गुंगीची वाफ झाडांनाही लागू पडते. त्यांच्या अंगातूनही विजेचे बारीक निरोप फिरत असतात, ते थांबतात. पटावं म्हणून शर्वरीने कुंड्यांमध्ये स्वतःची लाजाळूची एक छोटी कुंडी ठेवली होती. वाफ सोडल्यावर तिने मला पानाला बोट लावायला सांगितलं. पान मिटलं नाही. पुन्हा लावलं, तरी ढिम्म.

‘‘लाजाळू निर्लज्ज झालं की,’’ मी म्हटलं.

हे हसले. मला स्वतःच्याच बोलण्याचं हसू आलं नाही. शर्वरी म्हणाली की गुंगीत झाडांना पानांची रंध्रंही मिटता येत नाहीत, म्हणून आत गारवा ठेवलाय आणि दार हवाबंद आहे. या अवस्थेत उन्हाचा वारा लागला तर पाव तासात सगळी वाळतील.

मग ठमी झोपली. माझ्या मांडीवरच झोपली. बारा वर्षांची माझी मांजर, शेजाऱ्यांच्या कुत्र्याला जिन्यावरून खाली हाकलणारी, तिचा पंजा माझ्या हातात हळूहळू गार पडत गेला. ते मला आता सांगताही येत नाही. शर्वरीने तिला उचलून डब्याच्या वरच्या खणात ठेवलं आणि खाली कुंड्या. दार लागलं.

नंतर माझ्या आवाजाची नोंद झाली. डबा फक्त मालकाचा आवाज ओळखतो, आणि ठमीची मालकीण मी. डब्याचा बोलायचा भाग ट्रकच्या पुढच्या दाराजवळ होता, तिथे एक बारका दिवा. दिवा हिरवा असला की डबा ऐकतो, लाल झाला की त्याने कानात बोळे घातले समजायचं. शर्वरीने मला सूचनांचा कागद दिला. त्यातली महत्त्वाची एकच, मुक्कामाला पोचल्यावर म्हणायची. ‘झोप संपवा.’

मी म्हटलं, बाई, हा शब्द माझ्या तोंडून निघायचा नाही. झोपलेल्या जिवासमोर संपवा काय म्हणायचं? शर्वरी हसली. पूर्वी ‘उठवा’ हा शब्द होता, पण सामान हलवताना मालक हमालांना दिवसभर उठवा-उठवाच सांगतात आणि डबा भलत्या वेळी कुत्री जागी करायचा. म्हणून असा शब्द निवडला की जो घर हलवताना कुणीच बोलत नाही.

बरोबर होतं तिचं. कुणीच बोलत नाही. आमच्या घरात तर मुळीच नाही. आमच्याकडे डब्यातले तांदूळ संपत नाहीत, ते वाढतात. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवत नाहीत, शांत करतात, आणि दुकान बंद करायचं तर वाढवतात. शेवटाचं नाव घेतलं की शेवट दारात येऊन उभा राहतो, असं माझी आई म्हणायची. मी वर्गात याच्यावर तास घेतले, पोरांना हसवलं, पण जीभ शेवटी आईच्याच ताब्यात राहिली.

शर्वरी तिची बॅग आणायला वर घरात गेली. हे नारळ घेऊन ट्रकच्या पुढच्या चाकाशी उभे होते आणि शेंडी कुठल्या बाजूला धरावी याचा विचार करत होते. साडेसहालाच ऊन चटके देत होतं.

‘‘वाढवा आता, किती वेळ?’’ मी म्हटलं.

ट्रकमधून बाईचा गोड आवाज आला. ‘‘ठीक आहे. वाढवली.’’

हे इतके हसले की नारळ हातातून निसटायचा. यंत्रालाही मुहूर्त कळतो म्हणाले. त्यांनी नारळ दगडावर आपटला, पाणी चाकावर उडालं. आणि मला माझी खोड कुठली स्वस्थ बसू देते. नारळ पुल्लिंगी, आणि ही म्हणते वाढवली.

‘‘वाढवला म्हणावं, बाई. वाढवला,’’ मी डब्याला म्हटलं.

‘‘ठीक आहे. आणखी वाढवली.’’

चूक ती चूक आणि वर आणखी, मी म्हटलं. या कंपन्यांना व्याकरण तपासायला एक मास्तर ठेवता येत नाही. शर्वरी खाली आली तोवर दिवा लाल झाला होता. खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून तिने आम्हाला निरोप दिला.

ट्रक आपला आपण चालणारा होता, पुढे बसायचे आम्ही दोघंच. चढण्याआधी ह्यांनी वरच्या बंद खिडकीकडे बघून ‘‘येतो’’ म्हटलं आणि मी शेजारी उभी असूनही सवयीने ‘‘या’’ म्हणून गेले. तेहतीस वर्षांची सवय आहे ती. हे पाटबंधाऱ्याच्या ऑफिसला निघताना दारातून येतो म्हणायचे आणि मी असेन तिथून या. भांडण असलं तरी, पोळी करपत असली तरी. जातो कुणी म्हणायचं नाही आणि येतो म्हणणाऱ्याला या म्हटल्याशिवाय सोडायचं नाही.

समोर एका छोट्या पडद्यावर ठमीचं नाव होतं, खाली ‘झोप सुरळीत’ आणि ठोक्यांचा आकडा. निघताना वीस. अकोट आलं तेव्हा अठरा. मी ह्यांना दाखवलं, हे म्हणाले कमीजास्त होत असेल. अंजनगावला सोळा. मी शर्वरीला फोन लावला, तिने उचलला नाही, मग आकडा लिहून पाठवला. परतवाडा मागे पडलं तेव्हा तेरा झाले होते, आणि पडदा म्हणत होता, झोप सुरळीत.

रेंज जायच्या बेताला तिचं उत्तर आलं. ‘काकू, एवढं खाली जायला नको. तुम्ही झोपेची सूचना काही बदलली का?’

मी काही बदललं नाही, असं लिहायला घेतलं आणि बोटं थांबली.

झोप. ती झोप. स्त्रीलिंगी.

वाढवली. आणखी वाढवली.

डब्याने व्याकरणात चूक केलीच नव्हती. तो नारळाबद्दल बोलतच नव्हता. त्याने माझी आज्ञा पाळली होती, आणि मी लिंग सुधारायला गेले तेव्हा तीही आज्ञाच समजून आणखी एक पायरी खाली गेला होता. लांबच्या प्रवासासाठी ‘झोप वाढवा’ ही सूचना कागदावर चौथ्या ओळीत छापलेली होती. मी ती वाचलीही होती. ज्या कुणी ती लिहिली त्याच्या घरी नारळ फोडत असतील, आणि शर्वरीच्याही. यंत्राच्या दृष्टीने सगळं खरोखरच सुरळीत होतं.

मी ट्रक थांबवला. घाटाचा पायथा होता तो, रस्ता ओस, बाहेर सेहेचाळीस. फोनवर रेंजची एक काडी नाही. चिखलदरा अजून तासभर, आणि आकडा बारावर आलेला. मी ह्यांना सगळं सांगितलं.

हे कागद वाचत होते. झोप संपवल्यावर दार आपोआप उघडतं, प्राण्याला ताबडतोब मालकाच्या अंगाची ऊब द्यावी लागते, असं त्यात लिहिलं होतं. दार उघडतं म्हणजे वाफ जाणार, वारा आत येणार. एकतीस कुंड्या. ओवा, गवती चहा, सोनटक्का, कोरफड, आणि दवाखान्यातून जिवंत घरी आले त्या दिवशी ह्यांनी लावलेला अनंत. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला विचारायचं धाडस झालं नाही.

मी लाल दिव्याखालचं बटण दाबलं, दिवा हिरवा झाला.

‘‘सूचना सांगा,’’ डबा म्हणाला.

‘‘ठमीला जागं करा.’’

‘‘ही सूचना समजली नाही.’’

‘‘उठवा तिला. बाहेर काढा.’’

‘‘ही सूचना समजली नाही.’’

आकडा अकरा झाला. मला शब्द माहीत होता, समोर छापलेला होता, पण जीभ टाळ्याला चिकटली. आई गेली त्या दिवशीसुद्धा मी संपलं म्हटलं नव्हतं. मनात एकच घोळत होतं, मी म्हणेन आणि ती तिथेच संपेल, माझ्या तोंडाने.

ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘म्हण तो शब्द. झाडं पुन्हा लावता येतात.’’

‘‘झोप संपवा,’’ मी म्हटलं.

‘‘संपवायची खात्री आहे?’’

‘‘संपवा.’’

‘‘ठीक आहे. संपवली.’’

मागचं दार उघडलं आणि गरम वारा आत घुसला. ठमी हाताला मातीच्या गोळ्यासारखी लागली, गार आणि ताठ. मी तिला कुर्त्याच्या आत पोटाशी घेतली आणि ट्रकच्या सावलीत बसले. आता आकडा दिसत नव्हता. बोटांनी तिच्या बरगड्यांवर ठोका शोधत होते, एक सापडला की दुसऱ्याची वाट बघायची आणि तो येईपर्यंत श्वास घ्यायचा नाही.

एवढ्यात माझ्या लक्षात आलं की हे कुंड्या उचलताहेत. सेहेचाळीस अंशांत, तसलं हृदय घेऊन, एकेक कुंडी पुढच्या गार केबिनमध्ये नेताहेत. मला उठून अडवायचं होतं, पण पोटाशी ठमी होती. लाजाळू नेली, कोरफड नेली, ओवा नेला. अनंत उचलला आणि चाकाशी खाली बसले. छातीवर हात, ओठ पांढरे. कुंडी मांडीत तशीच. मी एका हाताने ठमीला धरून सरकत त्यांच्यापर्यंत गेले आणि त्यांच्या खिशातली गोळी त्यांच्या जिभेखाली सारली. मग तिथेच बसले, एक हात मांजरीच्या बरगडीवर, एक ह्यांच्या मनगटावर. दोन्हीकडे मोजत होते आणि आकडे एकमेकांत मिसळत होते. सोनटक्क्याची पानं माझ्यासमोर लोंबायला लागली, गवती चहा पिवळा पडला. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

किती वेळ गेला माहीत नाही. ह्यांच्या कपाळावरचा घाम थांबला. ठमीचा मागचा पाय एकदा हलला, मग सगळं अंग थरथरलं, आणि तिने माझ्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. मी हमसून हमसून रडले. केबिनमध्ये चढताना माझं कोपर लाजाळूला लागलं आणि पानं पटापट मिटली.

एकतीसपैकी तीन कुंड्या वाचल्या, आणि चौथी शर्वरीची लाजाळू. अनंताची सगळी पानं गळली, काडी तेवढी राहिली. हे रोज तिला पाणी घालायचे.

शर्वरी दोन दिवसांनी येऊन रडली, माफी मागून गेली. कंपनीने सूचनांतून ‘वाढवा’ काढून टाकलं. ठमी बरी आहे, पण आता पूर्वीसारखी झोपत नाही. डोळा लागला की दचकून उठते आणि मी आहे का ते बघून येते. तिला काय आठवतं कुणास ठाऊक.

माझा विचार पक्का होता, फॉर्म फाडायचा. पण पायथ्याशी उचललेल्या त्या चार कुंड्या ह्यांच्या हृदयाला भोवल्या. महिन्याभरात अंगणातून खोलीत येताना दम लागायला लागला. अनंताला पाणी मी घालू लागले. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया आता टाळता येणार नाही आणि जागेपणी हा प्रवास झेपायचा नाही. दुसरी वाट नाही. फॉर्मवर एक रकाना होता, आवाज कुणाचा. हे म्हणाले, ‘‘तुझाच. चूक काय होते ते तुलाच माहीत आहे.’’ मी सही केली.

मग मी सराव सुरू केला. रोज सकाळी अंगणात लाजाळूसमोर उभी राहून म्हणायची, झोप संपवा. पहिल्यांदा कुजबुजत, मग मोठ्याने. एक दिवस तांदळाचा डबा उघडून ठणठणीत आवाजात म्हटलं की तांदूळ संपले. ह्यांनी आतून घाबरून विचारलं, बरी आहेस ना? मी म्हटलं, बरी आहे, शब्द घोटतेय.

आज सकाळी ती गाडी अंगणात आली. शर्वरीच आली होती, मीच मागून घेतली. नारळ आणलाच नव्हता. ह्यांना आत निजवलं, डोक्याला तीच मऊ पट्टी, मोठी. माझ्या आवाजाची नोंद झाली. शर्वरीने तोंडावर बोट ठेवून मला खूण केली. दिवा हिरवा होता. आता माझ्या तोंडून निघेल तो प्रत्येक शब्द आत जाणार होता, आणि त्याचा तिथे काय अर्थ लागेल हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. पाच तासांनी नागपूरला मला दोनच शब्द म्हणायचे होते. तोवर एकही नाही.

ह्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

‘‘येतो,’’ म्हणाले.

माझं तोंड उघडलं होतं. मी ओढणीचा बोळा करून दातांत धरला.

ह्यांनी थोडी वाट पाहिली, आणि डोळे मिटले.